नाक्यावर किती वेळ थांबता?

तुळसाक्कानं माझा फॉर्म हातात घेतला, खालून वरून पाहिला, जमिनीवर पसरला आणि त्याच्यावर मूठभर काजूगर ओतला.

"सोल," ती म्हणाली.

सोळा किलोमीटर एसटीनं आणि पुढं पाऊण तास चालत मी तिच्या गावी, कुरणीला, गेले होते ते तिची सही घ्यायला. सही घेऊन दोनची गाडी पकडायची होती. पण तुळसाक्का गवस ही बाई पंचावन्नच्या पुढची, अंगानं शिडशिडीत, आणि बोलणं असं की समोरच्यानं ऐकायचंच. मी बसले. गराच्या तांबूस सालीला अंगठ्यानं दाबलं तशी ती कपड्याची घडी उलगडावी तशी निघून आली. आत पांढरा स्वच्छ अख्खा गर.

"हा आज सकाळचा, भट्टीतनं काढलेला. आता हा घे." तिनं दुसऱ्या डब्यातली मूठ ओतली.

दुसऱ्या गराची साल निघेना. नखानं खरवडली तर गराला ओरखडा पडला. जोर लावला तर त्याच्या दोन फाका झाल्या. तिसरा घेतला, त्याचंही तेच.

"हा परवाचा. माज्या पल्याडच्या बायकांनी परत पाठवला. सकाळी आठला टेम्पो हितनं निघाला आणि नाक्यावरनं सुटला दुपारी एकला. सकाळचं धुकं, दव, सगळं प्याला त्यो. वातड झाला. आता त्याची साल काढायची म्हंजे तुकडाच पडणार. आणि त्या बायकांना मजुरी मिळती ती अख्ख्या गराची. तुकडा झाला की त्यांचा दिवस गेला." तिनं फॉर्मवरचे गर बाजूला केले. "तुज्या कागदावर हे कुटं लिवायचं तेवडं दाखव. मग सही करतो."

फॉर्मवर आठ प्रश्न होते. आठही कराच्या दराचे. दर किती असावा, शेजारच्या राज्यात किती आहे, फरकामुळं धंद्याचं नुकसान होतं का. तिच्या म्हणण्याला त्यात कुठंच जागा नव्हती.

"मागच्या बाजूला लिहिते," मी म्हणाले.

"मागची बाजू कोण वाचतंय बाई?"

तरी मी फॉर्म उलटा केला आणि ती सांगत गेली तसं लिहीत गेले. दोनची गाडी गेली ती गेलीच.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि देवखिंडच्या व्यापारी संघात कार्यालय चिटणीस होते. पदनाम मोठं असलं तरी टायपिंग, पत्रव्यवहार, सभेची नोटीस, सभेचा चहा, सगळं मीच बघत होते. देवखिंड हे घाटमाथ्यावरचं गाव. बाजारपेठेच्या शेवटच्या दुकानापासून तीन किलोमीटरवर राज्याची हद्द आणि हद्दीवर तपासणी नाका. नाक्याच्या पल्याड कर्नाटक. पण माणसांच्या दृष्टीनं अल्याड-पल्याड असं फारसं काही नव्हतं. इकडच्या मुली तिकडं दिल्या होत्या, तिकडच्या इकडं आल्या होत्या. तुळसाक्काचंच माहेर नाक्यापलीकडं चार मैलांवर. ती कुरणीत काजू बी फोडायची, गर भट्टीत वाळवायची आणि सोलायला माहेरच्या गावातल्या तीसेक बायकांकडं पाठवायची, कारण कुरणीत तेवढे हात नव्हते. सोललेला गर संध्याकाळी परत. माल विकला जात नव्हता, नुसता जाऊन येत होता. पण नाक्यावर त्याची गणना परराज्यात चाललेला माल अशीच व्हायची. मग जाताना कागद, येताना कागद, आणि दोन्ही वेळी रांग.

त्या वर्षी सरकारनं सीमाभागातल्या व्यापारावरच्या करांचा अभ्यास करायला एक समिती नेमली होती. समिती गावोगाव जाऊन व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकणार होती, आणि देवखिंडची सुनावणी डिसेंबरच्या मध्याला आमच्याच सभागृहात होती. त्याआधी संघानं सभासदांची मतं लेखी गोळा करून ठेवावीत असं पत्र आलं होतं. आमचे सभासद एकशे त्रेचाळीस.

संघाचे अध्यक्ष अण्णासाहेब शिनोळकर. गावातला सगळ्यात मोठा काजू कारखाना त्यांचा. बासष्टीचे, उंच, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी, आवाज कधी चढवायचा नाहीत. देवखिंडला बँक आणली त्यांनी, टेलिफोन एक्स्चेंज आणलं त्यांनी. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा घरी येऊन माझी नोकरी त्यांनीच ठरवली होती. मी इंग्रजी टायपिंगची परीक्षा द्यावी हा हट्टही त्यांचाच. हे सगळं मी अजूनही मानते, म्हणून आधी सांगते.

पत्र आल्यावर अण्णांनी मला बोलावलं आणि आठ प्रश्नांची उत्तरं शांतपणे सांगितली. दर चार टक्क्यांवरून दोनावर आणावा, हा त्यातला गाभा. ती उत्तरं मी टाइप केली, त्यांच्या प्रती काढल्या, खाली सहीची जागा सोडली. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. संघ म्हणजे एकमुखानं बोलणं, असं अण्णा म्हणायचे आणि ते मला पटायचं. पहिल्या चार दिवसांत बाजारपेठेतल्या शहाण्णव सभासदांनी सह्या केल्या. त्यातल्या पाच-सहा जणांनी कागद वाचला असेल. बाकीच्यांनी एवढंच विचारलं, "अण्णांनी बघितलंय ना?" आणि पेन उचललं.

उरलेले खेड्यापाड्यांतले. त्यांच्याकडं मी स्वतः निघाले होते आणि तिसऱ्याच दिवशी कुरणीला तुळसाक्कानं मला काजू सोलायला बसवलं.

परतीच्या वाटेवर मला लाज वाटत होती असं नाही. मला राग आला होता, आणि तो माझ्याच कामाचा होता. शहाण्णव माणसांकडं जाऊन आले होते मी, आणि एकालाही काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच कागदांचा गठ्ठा काखेत मारून मी पुन्हा बाजारपेठेत उतरले. या वेळी एकच प्रश्न घेऊन: नाक्यावर किती वेळ थांबता?

माणसं कशी बोलायला लागली ते सांगते. मिरचीचे व्यापारी बसवणेप्पा बसर्गे, तोंडातून शब्द न काढणारा माणूस, त्यांनी मला पाऊण तास बसवून घेतलं. पोत्यावरचं ऊन, पोत्यावरचं दव, ड्रायव्हरचा खाडा, सगळं मी त्यांच्या फॉर्मच्या मागं लिहिलं, आणि पुढंही प्रत्येकाचं तसंच. विटांचा व्यापारी, टायरचं दुकान चालवणारा, फरशीवाला, दुधाच्या पदार्थांची गाडी पाठवणारे दोघे भाऊ. प्रत्येकाचा माल वेगळा आणि दुखणं एकच. कराच्या दराबद्दल मी मुद्दाम पुन्हा विचारलं तर बरेच जण म्हणाले की दर काय, जो असेल तो भरतोच की, कमी केला तर बरंच आहे. पण थांबण्याबद्दल विचारलं की आवाज बदलायचा. काहींनी मात्र हात झटकले. सही केली ना एकदा, आता हे कशाला. एक-दोघांनी रोखून विचारलं की अण्णांना माहीत आहे का हे. मी खरं ते सांगितलं: अजून नाही, सांगणार आहे.

पण सांगायच्या आधी मला खात्री करून घ्यायची होती. माणूस रांगेत उभा असला की तासाचे दोन तास होतात, हे मलाही कळत होतं. शाळकरी वही घेतली, वडिलांचं मनगटी घड्याळ बांधलं आणि नाक्यासमोर मुनाफच्या चहाच्या हॉटेलातल्या बाकावर जाऊन बसले. सलग तीन दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. गाडीचा नंबर, कुठला माल, रांगेत कधी लागली, नाक्याचा दांडा तिच्यासाठी कधी वर झाला. मुनाफला आधी वाटलं मी कुणाची तरी वाट बघत्येय. दुसऱ्या दिवशी त्यानं न विचारता माझा बाक सावलीत सरकवला आणि जी गाडी मला दिसायची राहिली तिची वेळ तोच आतून सांगायला लागला.

माणसं खोटं बोलत नव्हती. साडेतीन तास, चार तास, पाच. एक नारळाची गाडी सात तास.

पहिल्या दिवशी दुपारी एक निळी गाडी आली. ती रांगेत लागली नाही. गोदामाच्या अंगानं कच्च्या वाटेनं पुढं गेली, ड्रायव्हरनं खिडकीतून नुसता हात दाखवला आणि दांडा वर झाला. आठ मिनिटं. गाडीच्या पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: शिनोळकर काजू.

मला वाटलं, एखादी वेळ असेल. संध्याकाळी दुसरी आली. मग तिसरी. तीन दिवसांत नऊ गाड्या आल्या आणि एकही बारा मिनिटांच्या वर थांबली नाही. पहिलीच्या वेळी मी वही मिटून मांडीवर ठेवली होती. मुनाफ गाळणीतून चहा ओतता ओतता माझ्याकडं बघत होता. मी वही उघडली आणि बाकीच्या गाड्यांसारखीच तिची वेळ लिहिली.

चौथ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात पोचायच्या आत अण्णा येऊन बसले होते. नाक्यावरच्या साहेबांचा त्यांना फोन आला होता. तुमची मुलगी तीन दिवस आमच्यासमोर घड्याळ घेऊन बसली होती, हे काय चाललंय, असं विचारत होते.

अण्णांनी मला बसायला सांगितलं आणि वही मागितली. मी दिली. ते पहिल्या पानापासून वाचायला लागले. त्यांची वाचायची रीत अशी की ओळीवरून बोट फिरवत जायचे. एका ओळीवर बोट थांबलं. पुढं सरकलं. पुन्हा थांबलं. असं नऊ वेळा झालं, मी मोजत नव्हते तरी मला कळलं.

"समिती कराची आहे," ते म्हणाले. "नाक्याची नाही. विषय सोडून बोललो तर आपलं मूळ मागणंही जाईल."

मी म्हणाले, सभासदांना जे बोलायचं आहे तेच मूळ आहे. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग म्हणाले की नाक्याशी आपल्याला रोज काम पडतं, तिथल्या माणसांना दुखवून संघ चालत नाही. हेही खोटं नव्हतं.

"हे सुनावणीत येणार नाही, कुमुद."

"वही संघाची आहे, अण्णा. तुम्ही ठेवून घेतो म्हणालात तर घ्या. पण मला कुणी विचारलं तर मी दुसरं काही सांगू शकणार नाही."

"तुला कोण विचारणार आहे?"

ते उठले. वही त्यांच्या हातातच होती. दाराशी गेल्यावर परत वळले, माझ्या टेबलावर वही ठेवली आणि जिना उतरून गेले. ती त्यांनी का ठेवली हे तेव्हा मला कळलं नाही. मी त्या दुपारी घरी जाऊन आईला सांगितलं की नोकरी जाईल असं धरून चल. आईनं थोडा वेळ वडिलांच्या खोलीकडं बघितलं आणि मग म्हणाली, "गेली तर शिवणयंत्र आहे. खोटं लिहिलं नाहीस ना? मग जेव."

सुनावणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. खुर्च्या साठ, माणसं दोनशे. तुळसाक्का पहिल्या एसटीनं आली होती आणि तिच्याबरोबर पल्याडच्या चार बायका. बायका सभासद नव्हत्या म्हणून दारातला माणूस त्यांना अडवत होता. तुळसाक्कानं त्याला सांगितलं की ह्या माज्या पावण्या आहेत, आणि त्यांना आत घेऊन ती भिंतीलगत खाली बसली.

समितीत तिघे जण. अध्यक्ष टिपणीस म्हणून निवृत्त अधिकारी होते, बारीक आवाजाचे, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचायचे. अण्णांनी संघाचं निवेदन वाचलं. छान वाचलं. अण्णा बोलायला उभे राहिले की सभेला आपोआप शिस्त यायची. दर दोनावर आणावा, असं म्हणून ते बसले तेव्हा टाळ्या झाल्या.

मी मागं, कपाटापाशी उभी होते. सभासदांचे फॉर्म गठ्ठ्यानं टिपणीसांच्या पुढ्यात ठेवलेले. ते एकेक कागद उचलत, वाचत, बाजूला ठेवत होते. पंधरा-वीस कागद झाल्यावर म्हणाले, "शिनोळकरसाहेब, तुमच्या सभासदांची मतं फार जुळतात. शब्द न् शब्द जुळतो."

मागच्या रांगांत कुणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत.

टिपणीसांनी पुढचा कागद उचलला आणि वाचून ठेवताना तो टेबलावर उलटा पडला. त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. वाचलं. मग गठ्ठाच उलटा केला आणि मागच्या बाजूनं पहिल्यापासून वाचायला लागले. भिंतीलगत तुळसाक्कानं मान उंच करून माझ्याकडं बघितलं.

"हे पाठीमागं कुणी लिहिलंय?" टिपणीसांनी विचारलं.

मी हात वर केला. त्यांनी पुढं बोलावलं. मी वही घेऊन गेले आणि विचारतील ते सांगत गेले. कुणाकडं गेले, काय विचारलं, नाक्यावर किती दिवस बसले. त्यांनी मध्येच तुळसाक्काला उभं केलं. तिनं गराचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "साहेब, कर कमी केलासा तर आमी न्हाई म्हणत न्हाई. पण दर तुमी ठरवतासा. येळ आमचा जातो." मग तिच्या चार पाहुण्यांकडं हात करून ती बसली. दुसऱ्या सदस्यानं शंका काढली की जाऊन परत येणारा माल नाक्यानं ओळखायचा कसा. मी सांगितलं की जाताना एकच चिठ्ठी द्यावी, वजन लिहून, आणि येताना ती परत घ्यावी. हे माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं. दुधाच्या गाडीवाल्या भावांनी सुचवलं होतं. त्यांचं नाव मी सांगितलं.

टिपणीस वहीची पानं उलटत होते. "सगळ्यांच्याच गाड्या इतक्या थांबतात?"

"नाही, साहेब."

"कुणाच्या थांबत नाहीत?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर त्यांच्या हातातल्याच वहीत होतं. गाड्यांचे नंबर होते, नावं मी लिहिली नव्हती. नंबर वाचले असते तरी खोटं झालं नसतं. पण समोर दोनशे माणसं होती आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना निळी गाडी माहीत होती, पुष्कळ वर्षं माहीत होती. माझ्या लक्षात आलं की हे सगळे कागदाला नव्हे, मला घाबरून आहेत. मी आता काय म्हणते त्याला.

"नऊ गाड्या, साहेब," मी म्हणाले. "तीन दिवसांत. त्या—"

"माझ्या."

अण्णा उभे राहिले होते. टोपी त्यांनी हातात घेतली होती, असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या गाड्या थांबत नाहीत, साहेब. मुलगी बरोबर सांगते आहे. वाक्यही माझं आहे, ते शहाण्णव कागदांवरचं. ते पुढच्या बाजूचं तुम्ही बाजूला ठेवा. आमच्या संघाचं म्हणणं मागच्या बाजूला आहे."

ते बसले. टाळ्या झाल्या नाहीत. टिपणीसांनी मान डोलावली, वही मला परत दिली नाही, आपल्या कागदांत घातली, आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

समितीचा अहवाल पुढच्या उन्हाळ्यात आला. कराचा दर होता तिथंच राहिला. पण आमच्या नाक्याबद्दल एक परिच्छेद होता आणि त्यातलं चिठ्ठीचं कलम सुनावणीनंतर चौदा महिन्यांनी, आधी प्रयोग म्हणून, सुरू झालं. जाऊन परत येणाऱ्या मालासाठी वेगळी खिडकी. तुळसाक्काचा टेम्पो मग पंचवीस-तीस मिनिटांत सुटायला लागला. माझी नोकरी गेली नाही. तिच्याबद्दल कुणी शब्दही काढला नाही. मी पुढं एकवीस वर्षं त्या संघात काढली, शेवटची नऊ सरचिटणीस म्हणून, आणि सभासदांना काही विचारायचं असेल तेव्हा उत्तरं टाइप करून कधी नेली नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते मधल्या दिवसांचं, सुनावणी झाली होती आणि चिठ्ठी अजून यायची होती, तेव्हाचं. त्या महिन्यांत अण्णा माझ्याशी कामापुरतं बोलत. रागानं नाही. सहीसाठी कागद नेला की वाचायचे, सही करायचे, परत द्यायचे. मार्चच्या वार्षिक सभेत त्यांनी अध्यक्षपद सोडलं. लोकांनी खूप आग्रह केला, ते हसून नको म्हणाले. कार्यकारिणीसाठी त्यांनी स्वतः एकच नाव सुचवलं, तुळसाबाई गवस. संघाच्या कार्यकारिणीत त्याआधी बाई नव्हती.

जुलैमधली गोष्ट. मी बेळगावला मावशीकडं निघाले होते. एसटी नाक्याशी हळू झाली, शेजारून ट्रकची रांग. रांगेत सातव्या-आठव्या जागी निळी गाडी. मला वाटलं, पुढं निघेल कच्च्या वाटेनं. ती निघाली नाही. मग दिसलं की ड्रायव्हरशेजारी अण्णा बसलेत, मांडीवर पेपर उघडा. मी कंडक्टरला सांगून उतरले. का उतरले ते आता नीट सांगता येणार नाही.

अण्णांनी मला पाहिलं, दार उघडलं आणि सरकून जागा केली. मी वर चढून बसले. ड्रायव्हर अवघडून समोर बघत राहिला. थोड्या वेळानं मला राहवेना, मी विचारलं की तुम्ही स्वतः कशाला आलात, गाडी काय ड्रायव्हर घेऊन गेला असता.

"तो एकटा असला की पुढं घेतो," अण्णा म्हणाले. "त्याची चूक नाही. बारा वर्षांची सवय आहे. मी बसलो की थांबतो."

मग त्यांनी पेपरची घडी घातली आणि न विचारता सांगितलं. बारा वर्षांपूर्वी त्यांची पत्नी बेळगावच्या दवाखान्यात होती. घरातली मोटार बंद पडलेली, म्हणून ते मालाच्या गाडीत बसून निघाले होते. रांग मोठी होती. त्यांनी नाक्यावर जाऊन सांगितलं, आणि तिथल्या माणसांनी ताबडतोब गाडी पुढं घेतली. ते वेळेवर पोचले. ती आणखी तीन दिवस जगली आणि ते तीन दिवस ते तिच्यापाशी होते.

"दुसऱ्या आठवड्यात गाडी आली तर त्यांनी आपणहून दांडा उचलला. मला वाटलं, माझ्या दुःखाचा मान ठेवतायत. मग साहेब बदलले. नव्यांना जुन्यांनी सांगितलं. मी कुणाला एक पैसा दिला नाही, कुमुद. मागितलंही नाही. नुसतं नको म्हणालो नाही." ते काचेतून पुढच्या ट्रककडं बघत होते. "कारण संपलं, सवय राहिली."

डाव्या हाताची कच्ची वाट मोकळी दिसत होती, गोदामाच्या भिंतीलगत गवत वाढलं होतं तिच्यावर. नाक्यावरचा एक शिपाई छत्री घेऊन आमच्यापर्यंत आला आणि अदबीनं म्हणाला की अण्णासाहेब, साहेब म्हणतात गाडी बाजूनं घ्या. अण्णांनी खिडकीची काच खाली केली आणि त्याला सांगितलं की साहेबांना नमस्कार सांग, आमचा नंबर आठवा आहे.

शिपाई गेला. पुढचा ट्रक हलला. ड्रायव्हरनं चावी फिरवली, आम्ही दहा हात पुढं सरकलो आणि पुन्हा थांबलो.